अँबॅसडर की पद्मिनी? दोन जुन्या मोटारींचे गणित

मोटारींचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी आजही एक जुना वाद उकरून काढतात. एकजण म्हणतो, “गाडी म्हणजे अँबॅसडर! सहा माणसे कोंबा, सामान लादा, घाट चढणारच.” लगेच दुसरा म्हणतो, “छे! चपळाईत फियाटची बरोबरी नाही.” दोघेही आपापल्या गाडीतून हजारो किलोमीटर हिंडलेले असतात, त्यामुळे कोणीच माघार घेत नाही. वाद अनुभवाचा असला तरी तो आकड्यांनी तपासता येतो, आणि त्यासाठी आठवी-नववीतले पदार्थविज्ञान पुरे होते. चला तर, कागद-पेन्सिल घेऊन आपण पंच म्हणून बसू या.

आधी दोन्ही स्पर्धकांची ओळख करून घेऊ. अँबॅसडर ही ब्रिटनमधील ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ या मोटारीच्या नमुन्यावरून तयार झालेली गाडी. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती 1957-58 पासून बनू लागली आणि 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. दुसरी गाडी आपल्या मुंबईची. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे वालचंद. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात 1964 पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याची ‘फियाट 1100 डिलाइट’ तयार होऊ लागली. 1974 मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांची ने-आण केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली.

तुलनेसाठी आपण 1970 ते 1985 या काळातील पेट्रोलवर चालणारे नमुने घेऊ. त्यांचे ठळक आकडे असे :

इंजिनाचे आकारमान : पद्मिनी 1089 घनसेंटिमीटर, अँबॅसडर 1489 घनसेंटिमीटर.
सिलिंडरचा व्यास : पद्मिनी 68 मिलिमीटर, अँबॅसडर 73 मिलिमीटर.
पिस्टनची धाव : पद्मिनी 75 मिलिमीटर; अँबॅसडर 88.9 मिलिमीटर.
कमाल शक्ती : पद्मिनी सुमारे 40 अश्वशक्ती, मिनिटाला 4800 फेऱ्यांना, अँबॅसडर सुमारे 50 अश्वशक्ती, मिनिटाला 4200 फेऱ्यांना.
रिकाम्या गाडीचे वस्तुमान : पद्मिनी 895 किलोग्रॅम, अँबॅसडर सुमारे 1120 किलोग्रॅम.
रुंदी व उंची : पद्मिनी 1.46 व 1.47 मीटर, अँबॅसडर 1.66 व 1.6 मीटर.

अँबॅसडरचे वजन नमुन्याप्रमाणे थोडे कमीजास्त असे. गणितासाठी आपण 1120 हा आकडा धरू.

आकारमान म्हणजे काय?

दोन्ही इंजिनांत चार-चार सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. एका धावेत तो जेवढी जागा मोकळी करतो, तिची चौपट म्हणजे इंजिनाचे आकारमान. पद्मिनीचे गणित करून पाहू. सिलिंडरची त्रिज्या 3.4 सेंटिमीटर आणि धाव 7.5 सेंटिमीटर. 3.14 × 3.4 × 3.4 × 7.5 म्हणजे सुमारे 272 घनसेंटिमीटर. त्याची चौपट 1089. माहितीपत्रकातील आकडा बरोबर जुळला! अँबॅसडरचे गणित तुम्ही करा. उत्तर 1489 च्या अगदी जवळ येईल.

अँबॅसडरचे इंजिन पद्मिनीच्या 1.37 पट मोठे आहे. म्हणजे दर धावेला ते तेवढ्या पटीने अधिक हवा आणि पेट्रोल आत घेते. मग तिची शक्तीही 1.37 पट हवी. प्रत्यक्षात ती 40 ला 50, म्हणजे सव्वापटच आहे. असे का बरे?

जोर आणि फेरे

इंजिनाचे काम म्हणजे एक दांडा फिरवणे. पाना लावून घट्ट नट सोडवताना आपण जसा पीळ देतो, तसा पीळ इंजिन या दांड्याला देत असते. त्यालाच टॉर्क म्हणतात. पण नुसत्या पिळाने शक्ती ठरत नाही. तो पीळ सेकंदाला किती फेरे देतो हेही पाहावे लागते.

आंबेगाव तालुक्यातल्या मुलांना हे समजायला सोपे आहे. डिंभे धरणाच्या पायथ्याशी 5 मेगावॉटचे वीजघर आहे. तेथे किती वीज मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती उंचीवरून येते आणि सेकंदाला किती येते. उंची भरपूर पण पाणी थेंब थेंब, तर उपयोग नाही. पाणी भरपूर पण उंची हातभर, तरीही नाही. दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा. इंजिनातही तसेच आहे : टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती.

आता आपल्या गाड्यांकडे पाहू. पद्मिनीचा कमाल टॉर्क सुमारे 71 न्यूटन-मीटर, तर अँबॅसडरचा सुमारे 100 न्यूटन-मीटर. प्रत्येकीच्या टॉर्कला तिच्या इंजिनाच्या लिटरमधील आकारमानाने भागा. पद्मिनीचे उत्तर 65 आणि अँबॅसडरचे 67 येते, म्हणजे जवळजवळ सारखेच! एक लिटर इंजिन किती पीळ देऊ शकते, यात दोघींत फरक नाही. फरक आहे तो फेऱ्यांत. पद्मिनीचे लहान इंजिन मिनिटाला 4800 फेऱ्यांपर्यंत जाऊन कमाल शक्ती देते. अँबॅसडरचे मोठे इंजिन 4200 फेऱ्यांनाच थांबते. टॉर्कमध्ये मिळवलेली आघाडी ते फेऱ्यांत थोडी गमावते.

मोठे इंजिन सावकाश का फिरते? पिस्टनचा सरासरी वेग काढून पाहा. दर फेऱ्याला पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे धावेच्या दुप्पट अंतर कापतो. पद्मिनीत ते 0.15 मीटर, आणि सेकंदाला फेरे 80. गुणाकार 12 मीटर प्रतिसेकंद. अँबॅसडरमध्ये अंतर 0.178 मीटर, सेकंदाला फेरे 70. गुणाकार सुमारे 12.4 मीटर प्रतिसेकंद. पुन्हा जवळजवळ सारखेच! पिस्टनचा वेग वाढला की घर्षण वाढते, जोडदांड्यावरचा ताण वाढतो आणि हवेला आत शिरायला पुरेसा अवकाश मिळत नाही. दोन वेगळ्या देशांतील दोन अभियंत्यांच्या हाताला त्या काळी निसर्गाने एकाच ठिकाणी लगाम घातला होता.

सपाट रस्त्यावर

गाडीला वेग देण्यासाठी बल लागते, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे ते वस्तुमानाच्या प्रमाणात लागते. म्हणून चपळाई पाहायची तर अश्वशक्तीचा नुसता आकडा कामाचा नाही. तिला वस्तुमानाने भागले पाहिजे. पद्मिनीचे 40 भागिले 0.895 टन, म्हणजे टनाला 44.7 अश्वशक्ती. अँबॅसडरचे 50 भागिले 1.12 टन, म्हणजे टनाला 44.6 अश्वशक्ती. काय गंमत आहे पाहा! ज्यांच्यावरून पन्नास वर्षे वाद झाले, त्या गाड्या या कसोटीला बरोबरीत सुटल्या.

कमाल वेगाचे काय? सपाट रस्त्यावर वेग वाढत गेला की इंजिनाची बरीचशी शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हा खर्च गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी आणि उंचीचा गुणाकार पद्मिनीचा 2.15, अँबॅसडरचा 2.66 चौरस मीटर; म्हणजे अँबॅसडरला जवळजवळ सव्वापट हवा सारावी लागते. तिची शक्तीही सव्वापटच. आकार साधारण सारखाच गोलसर धरला तर येथेही कोणी पुढे नाही. थोडक्यात, आकड्यांच्या दृष्टीने अँबॅसडर ही सव्वापट वाढवलेली पद्मिनीच आहे.

मग वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा म्हणायचा काय? तसे नव्हे. आतापर्यंत आपण एक गोष्ट हिशेबात धरलीच नाही : गाडीत बसणारी माणसे.

डिंभ्यापासून वर

मंचरहून घोडेगावमार्गे डिंभ्याला यावे. येथे घोड नदी अडवून केलेला जलाशय आहे. आंबेगाव तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव त्याला दिलेले आहे. येथून रस्ता पुढे भीमाशंकरकडे चढत जातो. जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर, तर भीमाशंकर सुमारे 1000 मीटरवर आहे. म्हणजे गाडीला आपल्या वजनासह 300 मीटर वर चढायचे आहे. आपल्या दोन्ही गाड्यांची परीक्षा याच रस्त्यावर घेऊ.

समजा, प्रत्येक गाडीत चालकासह पाच माणसे आणि सामान मिळून 400 किलोग्रॅम ओझे आहे. मोठ्या गाडीत बसले म्हणून माणसांचे वजन सव्वापट होत नाही! ओझे दोघींना सारखेच. पण ते पद्मिनीच्या स्वतःच्या वजनाच्या 45 टक्के आहे, अँबॅसडरच्या मात्र 36 टक्केच. पद्मिनीचे एकूण वस्तुमान 1295 किलोग्रॅम झाले, अँबॅसडरचे 1520. पुन्हा भागाकार करा. पद्मिनीत टनाला 30.9 अश्वशक्ती उरते, अँबॅसडरमध्ये 32.9. बरोबरी मोडली ती येथे.

चढावर हा फरक किती जाणवेल? दहा मीटरला एक मीटर असा चढ घेऊ आणि वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर धरू. भरलेल्या पद्मिनीला गुरुत्वाकर्षण 1295 × 9.8 ÷ 10, म्हणजे सुमारे 1270 न्यूटन बलाने मागे खेचते. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध सुमारे 190 आणि हवेचा सुमारे 55 न्यूटन. एकूण 1515 न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती : 15,150 वॉट, अर्थात सुमारे 20 अश्वशक्ती. असाच हिशेब अँबॅसडरसाठी केला तर सुमारे 24 अश्वशक्ती येते.

आता चाकापाशी किती शक्ती मिळते ते पाहू. सातशे मीटर उंचीवर हवा सुमारे 7 टक्के विरळ असते, म्हणून इंजिनात तेवढी हवा कमी शिरते आणि शक्तीही तेवढी घटते. गिअर, दांडे आणि घर्षण यांत सुमारे 15 टक्के जातात असे धरू. तेव्हा पद्मिनीच्या चाकापाशी साधारण 31.6 अश्वशक्ती पोहोचेल, अँबॅसडरच्या 39.5. म्हणजे भरलेली पद्मिनी आपल्या शक्तीपैकी 64 टक्के वापरते आहे, तर भरलेली अँबॅसडर 61 टक्के. एकटा चालक असताना हाच हिशेब करून पाहा. दोन्ही गाड्यांचे उत्तर 48 टक्के येईल.

तेव्हा निकाल असा : ओझे घेऊन घाट चढण्यात अँबॅसडर पुढे आहे हे खरे, पण वादात सांगतात तेवढी नाही. आणि या आघाडीची किंमतही मोजावी लागते. भरलेली पद्मिनी 300 मीटर वर नेण्यासाठी 1295 × 9.8 × 300, म्हणजे सुमारे 38 लाख ज्यूल ऊर्जा लागते. अँबॅसडरला सुमारे 45 लाख. इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेपैकी एक चतुर्थांशच कामाला लावते असे धरले, तर केवळ उंची गाठण्यासाठी पद्मिनीला जवळजवळ अर्धा लिटर पेट्रोल लागेल. अँबॅसडरला त्याहून सुमारे सहाव्या हिश्शाने जास्त. माणसे तीच, उंची तीच. जास्तीचे पेट्रोल गाडीचे स्वतःचे लोखंड वर चढवण्यात गेले!

गिअर कशासाठी?

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शक्ती पुरेशी आहे, मग चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी धापा का टाकते? पद्मिनीच्या चाकाची त्रिज्या सुमारे 0.3 मीटर. 1515 न्यूटन बलासाठी चाकाला सुमारे 455 न्यूटन-मीटर टॉर्क हवा. इंजिन फार तर 71 देते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या चार ते पाच फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो, म्हणजे टॉर्क चार ते पाच पटीने वाढतो. पाच पट धरली तरी 355 च झाले. गाडी अडणारच! खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे जास्त फेरे आणि चाकाचा एक फेरा असा व्यवहार होतो. वेग देऊन आपण जोर विकत घेतो. खोल विहिरीतून पोहरा काढताना मोठ्या चाकाचा रहाट लागतो, तेच हे तत्त्व.

खरी कसोटी उतारावर

वादात कोणी बोलत नाही, पण घाटात माणसाचे प्राण ज्यावर अवलंबून असतात ती गोष्ट म्हणजे ब्रेक. चढताना साठवलेले 38 किंवा 45 लाख ज्यूल उतरताना कोठे तरी गेले पाहिजेत. ऊर्जा नाहीशी होत नाही. आपल्या काळातील या दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. समजा, ड्रमचे एकूण लोखंड 20 किलोग्रॅम आहे आणि चालकाने सगळा उतार ब्रेक दाबूनच उतरायचे ठरवले. लोखंडाची विशिष्ट उष्णता सुमारे 450 ज्यूल प्रतिकिलोग्रॅम प्रतिअंश. 38 लाखांना 20 × 450 ने भागा : तापमान 420 अंशांहून अधिक वाढेल! अँबॅसडरमध्ये जवळजवळ 500. प्रत्यक्षात उतार सलग नसतो आणि वारा ड्रमला थंड करत असतो, म्हणून इतके होत नाही. पण याच्या निम्म्यानेही ब्रेकची पकड ढिली पडू लागते. पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही, ती अशा वेळी.

यावर उपाय जुन्या चालकांना ठाऊक होता : ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. पिस्टनला हवा ओढावी आणि दाबावी लागते, घर्षण होते, आणि ही उष्णता इंजिनाच्या थंड करण्याच्या व्यवस्थेतून बाहेर जाते. ब्रेक वळणासाठी आणि अडचणीसाठी राखून ठेवता येतो. पेट्रोल वाचवण्यासाठी गिअर काढून उतार उतरणारा चालक ही सगळी ऊर्जा एकट्या ब्रेकच्या माथी मारतो. वाचते ते चमचाभर पेट्रोल; पणाला लागतात सगळ्यांचे जीव. आजच्या गाडीत डिस्क ब्रेक असोत वा आणखी काही, ऊर्जेचा हा हिशेब बदललेला नाही.

मग चांगली कोणती?

“चांगली कोणती?” हा प्रश्नच अर्धवट आहे. “कशासाठी चांगली?” असे विचारले की उत्तर मिळते. मुंबईच्या गर्दीत एकदोन उतारू घेऊन दिवसभर फिरायचे, तर चपळाई तेवढीच आणि वजन कमी अशी पद्मिनी सोयीची. मोठे कुटुंब आणि सामान घेऊन भीमाशंकरला जायचे, तर अँबॅसडर थोडी निवांत. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा पाहून निर्णय करू नये. कोणत्या राशीला कशाने भागायचे आणि कोणती राशी दोघांनाही सारखीच राहते, हे आधी ठरवावे. मोटार असो, शेतावरचा पंप असो की दुचाकी, तुलना करण्याची रीत हीच.

करून पाहा

1. शाळेच्या जिन्याची उंची मोजा. आपले वस्तुमान आणि जिना धावत चढायला लागलेले सेकंद यांवरून आपली शक्ती वॉटमध्ये काढा. 746 ने भागून अश्वशक्ती करा. पद्मिनीच्या इंजिनाची बरोबरी करायला तुमच्या वर्गातली किती मुले लागतील?

2. घरातील किंवा शेजारच्या दुचाकीच्या माहितीपत्रकातून शक्ती आणि वस्तुमान घ्या. एक माणूस बसला असता आणि दोन माणसे बसली असता टनाला किती अश्वशक्ती पडते ते काढा. पद्मिनीपेक्षा दुचाकीत हा आकडा ओझ्याने जास्त का घसरतो?

3. शिक्षकांसाठी : वरील चढाचे गणित वीस मीटरला एक मीटर अशा चढासाठी फळ्यावर करून घ्यावे. दोन्ही गाड्यांतील अंतर कमी होते की वाढते, हे मुलांना आधी अंदाजाने सांगू द्यावे आणि मगच आकडे मांडावेत.